पुढच्या गाडीचा फाळका

हर्षालीने मोबाइल टेबलावर आपटला नाही, एवढंच. नकाशावर जयपूरपासून उदयपूरपर्यंत रुंद महामार्गाची निळी रेघ गेली होती आणि तिचे वडील, बळवंत पिसाळ, त्या रेघेच्या डाव्या अंगाला अरवलीच्या डोंगरांत बोट रुतवून बसले होते. ब्यावरपाशी महामार्ग सोडायचा, देसुरी गाठायची आणि तिथून 'नाळ' म्हणतात त्या खिंडीतल्या घाटाने वर चढायचं, तेही मोटरसायकलवरून आणि मागे बायकोला बसवून. उदयपुरात लष्करातला जुना सोबती दशरथ राहत होता, त्याच्याकडे जायचं निमित्त होतं.

"पप्पा, मम्मीला दिसत नाही," हर्षाली म्हणाली. "मतलब, जिला डोंगर दिसणारच नाहीत तिला डोंगरातून कशाला न्यायचं? तुमचा जावई कारने सोडतोय ना."

तारामती तिथेच बसून चाचपडत मेथी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली.

"सरळ रस्त्यावं मला काय कळायचं गं? नुसता आवाज. वळण मात्र अंगाला कळतं. मी फटफटीवरच जाणार आन् वळणावळणानंच जाणार."

काचबिंदूने तारामतीचा एक डोळा पुरता नेला होता. दुसऱ्या डोळ्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसे, आणि तेही आता राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून जयपुरातल्या प्रताप नगरच्या घरात सगळे तिला काचेच्या बरणीसारखं जपू लागले. गॅसजवळ जाऊ नकोस, जिना उतरू नकोस, कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी जाऊ नकोस. माया खरी होती, पण त्या मायेचा तिला जाच व्हायला लागला होता. नजर जायची ती जाईल, पण त्याआधी कोपऱ्यात बसून राहायचं हे तिला मुळीच मंजूर नव्हतं.

बळवंतचं दुखणं निराळं होतं. त्याने उभी नोकरी लष्कराचे ट्रक चालवण्यात काढली. लडाख, सिक्कीम, तवांग, लोक पैसे मोजून जातात ते सगळे घाट त्याच्या चाकांखालून गेले. मध्यंतरी नात स्वानंदीने विचारलं, "आजोबा, मतलब, पहाड़ कसे दिसायचे?" बळवंतने सांगायला तोंड उघडलं आणि त्याला काही म्हणजे काही आठवेना. ताफ्याचा नियमच तसा होता. पुढच्या गाडीपासून अंतर सोडायचं नाही, तिला ओलांडायचं नाही, घाटात थांबायचं नाही. नजर सतत पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर. कुठल्या फाळक्याची कडी तुटकी होती, कुठला कुठे चेपला होता, हे तो आजही सांगू शकला असता. त्याने तेच सांगितलं. पोरगी कंटाळून उठून गेली आणि हा गडी आठवडाभर स्वतःवरच चिडून होता.

तर निघाले. तारामतीने हर्षालीचा सलवार-कमीज चढवला, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि जन्मात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसली. शेजारणी गॅलरीत येऊन बघत होत्या. त्या दिसत नसल्या तरी असणारच हे धरून तिने वर हात केला. हर्षाली मात्र दारातून आत निघून गेली.

महामार्गावर नुसता आवाज होता. देसुरी मागे पडली, चढ लागला, पहिलं वळण आलं आणि तारामतीचं अंग त्याच्याबरोबर आपसूक कलंडलं. ती मोठ्याने हसली.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"फाळका," बळवंत म्हणाला.

संगमरवराच्या खाणींकडे परतणारा एक रिकामा ट्रक पुढे चालला होता. फाळका कसला, हे विचारल्यावर बळवंतने तो हिरवा आहे, उजवीकडे चेपलाय, वर हॉर्न प्लीज लिहिलंय, असं चोख सांगितलं. दोन-चार वळणांनी तिने पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मध्ये रस्ता मोकळा मिळाला होता, ट्रकवाल्याने हात काढून पुढे जायची खूणही केली होती, पण बळवंत आपलं अंतर राखून मागेच. तारामतीला ते गाडीच्या चालीवरून कळलं आणि तिचं हसू ओसरलं.

"गाडी थांबवा."

"घाटात थांबत न्हाईत."

"कुणाचा हुकूम हाय?"

हुकूम देणारे कधीच मागे राहिले होते. पुढे कठड्याशी रुंद जागा दिसली, तिथे त्याने गाडी बाजूला घेतली. ट्रक वळणाआड गेला. समोरचा रस्ता मोकळा झाला आणि बळवंतला चक्क भीती वाटली.

"मला आता तुमच्याच डोळ्यांनी बघायचंय," तारामती म्हणाली. "आन् तुमचे डोळे त्या फाळक्याला चिकटल्यात. सांगा आता."

"झाडं हायत. लई."

"कसली?"

तो बघू लागला. खरोखरच बघू लागला. झाडांचा हिरवा रंग पिवळ्याकडे झुकला होता, मधून करडे खडक डोकावत होते. कठड्यावर एक वानरीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. हे सगळं त्याने तुटक तुटक सांगितलं. मग खाली वाकून पाहिलं.

"आपण आलो तो रस्ता दिसतोय," तो म्हणाला. "तू धुणं पिळून ठेवतीस बघ, तसा पीळ पडलाय."

तारामतीने हवेतच पीळ दिला आणि मान हलवली. तिला दिसलं. बळवंतला एकदम रडू आलं. असे किती रस्ते त्याने पाठीमागे टाकले होते, आणि बायको घरी विचारायची तेव्हा, रस्ता म्हणजे रस्ता, असं म्हणून जेवायला बसायचा. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि गाडीला किक मारली.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी हर्षालीचा फोन आला. पोचलात का, असं तिने विचारलं. तारामतीने बळवंतच्या हातातून फोन घेतला.

"वर पोचलो. आता परत खाली चाललोय, उदयपूर नंतर. उतरताना वळणं उलटी लागत्यात, मला ती पण पायजेत."

"मम्मी, प्लीज. अंधार पडेल."

"पडायचाय तो पडंलच. त्याच्या आधी मी माझी वळणं घेते."

हर्षाली म्हणाली, "हळू जा."

बळवंतने गाडी उताराला लावली. थोडं पुढे गेल्यावर पुढ्यात एक ट्रक दिसला, तोच रंग, तशीच चाल. त्याने अंतर धरलं. मग लांबवर मोकळा रस्ता दिसला तसा हॉर्न दिला आणि गाडी पुढे काढली.

"उजव्या हाताला," तिने विचारायच्या आत तो मोठ्याने म्हणाला, "सीताफळीची झाडं हायत. मागं डोंगर. त्याच्या मागं आणखी एक."

तारामतीने डोळे मिटून घेतले आणि ती पुढच्या वळणाकडे झुकली.