लागतेय नि सुटतेय

लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं चिन्ह पुन्हा बदललं आणि ताबिशचा चेहरा अर्ध्या शब्दावर थिजला. अक्साने कपाळाला हात लावला. सकाळपासून हे कितव्यांदा होत होतं, ते मोजणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

तिचे अब्बा, फखरुद्दीन, लग्नाच्या आधीपासून कुवेतला नोकरीला; पहाटे तिथल्याच इस्पितळात वारले होते. मय्यत भिवंडीला आणायची तर कागदपत्रांत किती दिवस जातील याचा नेम नव्हता. म्हणून तिथेच नोकरीला असलेल्या तिच्या भावाने, ताबिशने, घरच्या मोठ्यांना विचारून दफन तिकडेच करायचं ठरवलं. आता गुस्ल, म्हणजे मय्यतीची आंघोळ, झालं होतं, कफन नेसवून झालं होतं, फक्त चेहरा तेवढा उघडा ठेवला होता. तिथली माणसं भली होती. बायकोला शेवटचं बघू दे म्हणून थांबली होती. पण मागे दुसऱ्या मय्यती रांगेत होत्या आणि भल्या माणसांनाही किती थांबवायचं याला काही सुमार असतो.

ताबिशने फोटो पाठवतो म्हणून सांगितलं होतं. अम्मीने, म्हणजे नाजनीनने, नको म्हटलं. सकाळपासून ती बोलली ते एवढंच. "लगीन झाल्यापासून फोटोच बघतेय मी. फोटोला काय सांगू? मला त्यांच्या तोंडासमोर बसून कहासुना माफ, बोललं-चाललं ते माफ, म्हणायचंय." त्यानंतर ती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. रडली नाही. शेजारच्या बायका येऊन गळ्यात पडून रडून गेल्या, तरी हिच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही. ती लॅपटॉपकडेसुद्धा बघत नव्हती. भाजी आणायला गेलेल्या माणसाची वाट बघावी, तशी ती दाराकडे बघत होती. अक्साला त्या बघण्याची भीती वाटत होती.

त्यांच्या गल्लीत मोबाइलवर बोलणं कसंबसं होतं, चित्र मात्र येत नाही. चहूबाजूंना कापड विणणाऱ्या लूमच्या शेडचे पत्रे, त्यात रेंज बिचारी शिरणार कुठून. घरातला वायफायचा डबा मागे वीज कमीजास्त झाली तेव्हा जळाला, तेव्हापासून भिंतीवरच्या पेटीतून निघालेली वायर थेट अक्साच्या लॅपटॉपला जोडलेली असे. लॅपटॉपही काही नवा नव्हता. वायरीच्या टोकाची प्लॅस्टिकची खुंटी मोडलेली, लॅपटॉपचं भोक ढिलं. पण कॉलेजचे तास त्यावरच झाले होते. दर शुक्रवारी अब्बांशी तासतास गप्पा व्हायच्या, त्याही त्यावरच. कधी घोडं अडलं नव्हतं. ते नेमकं आज अडलं.

जे जे येत होतं ते ते तिने करून बघितलं. वायर काढून फुंकर मारली. दुसरी वायर लावली. पेटी बंद करून चालू केली. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर तो बाबा अपडेटचं चक्र फिरवत बसला. मग तिने ड्रायव्हर काढून परत टाकला. लॅपटॉपला स्वतःला विचारलं की बाबा रे, तुला झालंय तरी काय. त्याने बराच विचार केल्यासारखं केलं आणि केबल नीट जोडली आहे का पाहा, असा सल्ला दिला. असला सल्ला देणारी माणसं सकाळपासून घरात बरीच येऊन गेली होती, त्यात याची भर. चिकटपट्टी लावली, ती सुटली. रबर बांधलं, तेही बेकार. प्रत्येक वेळी लाइन लागे, ताबिश दिसे, तो फोन फिरवून अब्बांकडे न्यायला लागे, आणि ते पांढरं कापड कोपऱ्यात दिसतं न दिसतं तोच सगळं थिजे.

शेवटी तिने मोबाइलवरून केबलवाल्या कुणालला गाठलं. रडू दाबत सगळं सांगितलं. कुणाल बिचारा हातातलं काम टाकून आपल्या मशीनसमोर जाऊन बसला.

"ताई, लाइन बंद न्हाय. मला हितं दिसतेय," तो म्हणाला. "एकसारखी लागतेय नि सुटतेय. वायर कोन हलवतंय का?"

तिने वायरीकडे निरखून बघितलं. वायर टेबलावर मेल्यासारखी पडली होती. कोणीच हलवत नाही, तिने सांगितलं. मग अम्मीला घेऊन आमच्या ऑफिसला ये, इथली लाइन पक्की आहे, असं तो म्हणाला. म्हणायला सोपं. पण अम्मीची इद्दत पहाटेपासूनच सुरू झाली होती. नवरा गेलेली बाई अशा वेळी उंबरा ओलांडत नाही, आणि ओलांडा असं तिला सांगायची कोणाची छाती नव्हती. अक्साची तर नव्हतीच.

मोबाइल पुन्हा वाजला. ताबिशचा नुसता आवाज. तोही रडवेला झाला होता. "अक्सा, गाडी आली. हे म्हणतात आता न्यायलाच पाहिजे. शेवटचं लाव. नाहीतर मी कापड बांधायला सांगतो."

आता कुठल्याच बटणावर अक्साचा भरवसा नव्हता. तिने वायरीचं टोक चिमटीत धरलं आणि भोकात दाबून ठेवलं. दिवा लागला. गेला. पुन्हा लागला. तिच्या बोटांनाच कंप सुटला होता. स्वतःचाच तिला असा संताप आला की काही विचारू नका. बाप जमिनीत चाललाय आणि तुला धड एक वायर धरता येईना! हात स्थिर व्हावा म्हणून तिने कोपर आणि तळवा टेबलावर गच्च दाबला.

हात स्थिर होता. टेबल थरथरत होतं.

तिने तळवा भिंतीवर ठेवला, मग फरशीवर. सगळं घर बारीक थरथरत होतं. खाली केसरीनाथ पाटलांचे लूम धडधडत होते. जन्मल्यापासून ती याच धडधडीवर झोपली, जेवली, अभ्यासाला बसली. हे घर हलतं, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. कॉलेजचे तास संध्याकाळी व्हायचे, तेव्हा खालची शिफ्ट सुटलेली असे. आणि शुक्रवारी तर लूम बंदच.

ती अनवाणी जिना उतरली. शेडमध्ये कानाला तोंड लावल्याशिवाय ऐकू येत नाही. केसरीनाथकाकांच्या कानाशी ओरडून तिने सांगितलं. लूम बंद करा, काका. अब्बांचं तोंड दिसत नाहीये. लूम चालू आहेत तोवर दिसायचं नाही.

या गल्लीची जुनी रीत होती. कोणाचीही मय्यत होवो, हिंदूची की मुसलमानाची, तिरडी किंवा जनाजा गल्लीबाहेर पडेपर्यंत एकही लूम चालायचा नाही. पगार कापायचा नाही, कोणी सांगावं लागायचं नाही, आपोआप बंद. सकाळी केसरीनाथकाका वर येऊन अम्मीसमोर हात जोडून गेले होते. पण जनाजा निघणार होता परमुलखात. गल्लीतून काहीच जाणार नव्हतं, त्यामुळे कोणाचा हात मेन स्विचकडे गेला नाही. त्यांचाही नाही.

"माझ्या ध्यानातच आलं न्हाय गो, पोरी," ते म्हणाले, आणि स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढला. मग शेडच्या दारात उभे राहून समोरच्याला हाताने खूण केली. समोरच्याने पुढच्याला केली. एकेक शेड थांबत गेली.

अक्सा वर धावली. लाइन लागली होती. या खेपेला सुटली नाही. ताबिशचं रडून सुजलेलं तोंड स्वच्छ दिसत होतं, त्याच्यामागे गाडीचं उघडं दार दिसत होतं. तो वळला आणि फोन खाली धरला. अक्साने अब्बांना बघितलं. दाढी विंचरलेली होती. कापूस लावलेला होता. तिने लॅपटॉप उचलला नाही, वायरीला धक्का लागू नये म्हणून अख्खं टेबलच हळूहळू अम्मीकडे सरकवायला लागली.

अम्मी मात्र मान वर करून कानोसा घेत होती. भर दिवसा गल्लीत एवढी शांतता आली की काय समजायचं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने सवयीने डोक्यावर ओढणी घेतली.

"लूम बंद झाले," ती म्हणाली. "कोणाकडे मय्यत झाली गो?"

अक्साने टेबल तिच्या पुढ्यात आणलं. ताबिशलाही तिकडे ऐकू गेलं असावं, कारण चित्र किंचित हललं.

"आपल्याकडे, अम्मी," अक्सा म्हणाली.

अम्मीने तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि मग सकाळपासून अडलेलं सगळं तिच्या घशातून बाहेर आलं, ते खाली उभ्या असलेल्या कामगारांनाही ऐकू गेलं.

"माफ केलं," रडता रडता ती पडद्याला सांगत होती. "सगळं माफ केलं. तुम्हीपण करा."