चौथी खूण

भारतीला गेलं वर्षभर मोजता येत नव्हतं. बाई अडाणी होती असं नाही. नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात, फाटकातून आत-बाहेर होणाऱ्या ट्रकांची नोंद तीच ठेवायची, आणि अठरा वर्षांत तिची एक गाडी चुकली नव्हती. गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय रजिस्टरमध्ये खूण करायची नाही, असा तिचा खाक्या. पण आता फाटकात पाच ट्रक उभे असले की तिच्या मोजणीत सहा यायचे. पुन्हा मोजले की पाच. घरी माणसं चार, ताटं मात्र पाच घेतली जायची. नवरा हसून म्हणायचा, "कोन येऊन राहिलं वं जेवाले?" भारती पाचवं ताट उचलून ठेवायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

एक कमी कधीच यायचा नाही, जास्तच यायचा. आणि तो जास्तीचा कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवसभर ट्रकांचा धूर खाणाऱ्या बाईला शांत रस्त्याचं अप्रूप नसेल तर कुणाला? चाळिशी उलटल्यावर भारतीनं गिअरची सायकल घेतली, शेजारणींनी नाकं मुरडली, आणि ती दर रविवारी चेतनच्या सायकल ग्रुपबरोबर शहराबाहेर जाऊ लागली. त्यांचा सगळ्यात लाडका रस्ता रामटेकच्या पलीकडे, पिंपळखुटीच्या डोंगरातल्या तलावाभोवतीचा. एका फेरीला बावीस किलोमीटर. एका बाजूला सागाचं जंगल, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि वाहतूक म्हणाल तर दिवसाला दोन एसट्या आणि बाकी सगळ्या बकऱ्या.

गेल्या डिसेंबरात त्या तलावाच्या दोन फेऱ्यांची राइड होती. भारतीचं गुडघ्याचं दुखणं निघालं म्हणून चेतननं तिला तलावाच्या बांधावर चहा-पोह्यांच्या टेबलावर बसवलं आणि यादी हातात दिली. प्रत्येक सायकल आली की नंबरापुढे खूण करायची. "ताई, तुमच्यापेक्षा पक्कं कोन करन?" असं म्हणून त्यानं तिला हरभऱ्याच्या झाडावरही चढवलं.

धुकं असं होतं की दहा हातांवरचं दिसत नव्हतं. पहिल्या फेरीत तीन पोरं कुडकुडत आली, पोह्यांवर तुटून पडली. एक जण म्हणाला, "चौघं लिहा, ताई. वैभव मांगंच आहे." भारतीच्या एका हातात चहाची किटली होती. तिनं दुसऱ्या हातानं चार खुणा केल्या.

वैभव मागं नव्हता. अर्ध्या किलोमीटरवर, बांधाच्या अलीकडच्या वळणावर एक बिनकठड्याचा पूल आहे, त्याखाली तो घाणेरीच्या झुडपांत पडला होता. सगळ्यांच्या मागून येणारी जीपही धुक्यात वरून निघून गेली. राइड संपली तेव्हा पोरगा नाही हे ध्यानात आलं आणि चेतननं यादी पाहिली. यादी सांगत होती की पहिल्या फेरीत वैभव चहापर्यंत पोचला. म्हणून शोध सुरू झाला तो बांधापासून पुढं. सगळा तलाव पालथा घालून माणसं त्या पुलाशी आली ती अगदी शेवटी, दुपारी एकला. सगळ्यांनी ठरवलं, दुसऱ्या फेरीत थकला असेल, तोल गेला असेल. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, दोन तास आधी आणला असता तर काही करता आलं असतं.

हे "दोन तास आधी" भारतीच्या मनात रुतून बसलं. ती खूण केली नसती तर जीप तेव्हाच मागं फिरली असती. हे तिला ठाऊक होतं, त्या तिघा पोरांना ठाऊक होतं, आणि चौघांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं.

आता वर्ष झालं. नागपूरच्या आसपासच्या शांत रस्त्यांचा एक नकाशा चेतन छापणार होता आणि तलावाच्या रस्त्याला वैभवचं नाव देणार होता. वैभवची आई मैनाबाई जागा बघायला येणार म्हणाली, आणि सोबतीला तिनं भारतीलाच मागितलं. गोळीबार चौकाकडची ही कोष्ट्याची बाई. नवरा गेला, माग भंगारात गेला, आणि एकुलता एक लेक विमानतळाजवळच्या मिहानमध्ये, एका कंपनीत नोकरीला लागला तसा तिचा जीव जरा थाऱ्यावर आला होता.

निघताना चेतननं भारतीला बाजूला घेतलं. "ताई, काकू एकच गोष्ट विचारते सगळ्याईले. शेवटचं खाल्लं काय त्यानं? आम्ही सांगतो, दोन प्लेट पोहे खाल्ले, हसला अन् गेला. तुम्ही बी तेच सांगा. मायचा जीव हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची. भारतीनं मान हलवली.

गाडी बांधावर थांबली. चेतन वैभवच्या नावाच्या फलकासाठी खड्डा खणवायच्या मागे लागला आणि दोघी बायका पुलाकडे चालत निघाल्या. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं पडलं होतं, घाबरण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं. तरी भारतीला दोघींच्या चपलांमागे आणखी पावलं ऐकू येत होती, आणि वळून बघायची तिची छाती नव्हती. खाली पाण्यात शिंगाड्यांचे वेल पसरले होते, त्यात दोन-तीन डोंगे घालून माणसं शिंगाडे तोडत होती.

पुलाच्या काठावर मैनाबाई पदर आवरून बसली. रडली नाही. तिनं खालची झुडपं नीट बघून घेतली. मग म्हणाली, "भारती, खाल्लं होतं ना वं त्यानं तुह्यापाशी?"

दोन प्लेट पोहे. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. भारतीनं तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

"नाई खाल्लं, काकू. तो माह्यापावतर आलाच नाई. मी पाह्यल्याशिवाय खूण केली. म्हणून सारे त्याले पुढं धुंडत राह्यले, अन् तो इथं होता." आता ही बाई शिव्या देईल, थोबाडीत मारेल, आणि मारावीच, असं तिला मनापासून वाटलं.

"मले मालूम आहे," मैनाबाई म्हणाली.

"कसं?"

"मी त्याच्या पाठीवरच्या खिशात दोन गुळाच्या पोळ्या गुंडाळून देल्ल्या होत्या. एक पहिल्या चहाले खाजो, एक दुसऱ्या चहाले. दवाखान्यातून कपडे भेटले, तं दोन्ही जशाच्या तशा. तवाच समजलं." तिनं भारतीकडे पाहिलं. "वर्षभर विचारून राह्यली मी. चेतन म्हणे पोहे खाल्ले. दोस्त म्हणे पोहे खाल्ले. साऱ्याईनं माह्या पोराले खोटं खोटं जेवू घातलं. अन् तो रोज माह्या सपनात येते, उपाशी. आज एकीनं तरी खरं सांगतलं."

भारतीला हुंदका फुटला. वर्षभरात ती पहिल्यांदाच रडत होती, आणि मैनाबाई, जिनं रडायला हवं होतं ती, तिच्या पाठीवर हात फिरवत होती. खरं तर इथंच संपायला हवं होतं. पण पाठीवरचा हात थांबला.

"मंग तो किती वाजेपावतर जिता होता? त्यानं आवाज नसन देल्ला का, भारती?"

हे कुणी विचारलं नव्हतं. ना पोलिसांनी, ना चेतननं, ना नवऱ्यानं. खूण तर नुसती चूक होती, चूक कबूल करता येते. भारती वर्षभर त्या खुणेचाच हिशेब करत बसली होती, तो हा आवाज ऐकावा लागू नये म्हणून. आता नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या माउलीनं मानलं असतं.

"देल्ला होता," ती म्हणाली. "पाण्यावरून आला. मले वाटलं, शिंगाडेवाले एकमेकांले बलावते. मी चहा गाळत राह्यली."

मैनाबाईनं झुडपांवरची नजर पाण्याकडे वळवली. तिचा चेहरा बघवत नव्हता. मग तिनं अगदी हळू विचारलं, "कसा होता?"

"काय, काकू?"

"आवाज. तुनं एकटीनंच ऐकला वं. माह्या लेकाचा शेवटचा. मले ऐकव."

भारती उठून उभी राहिली. तिला वाटलं होतं, आठवणार नाही. पण तो आवाज तिच्या गळ्यात वर्षभर जसाच्या तसा होता. तिनं पाण्याकडे तोंड केलं आणि हाक दिली. "ओ ऽऽ." थोडं थांबून पुन्हा, "ओ ऽऽ." आणि तिसरी, अर्धीच, धाप लागल्यासारखी.

डोंगरानं हाक परतवली. मैनाबाई डोळे मिटून ऐकत होती.

पाण्यातल्या एका डोंग्यातला माणूस ताठ झाला. त्यानं हातातले शिंगाडे टाकले, डोंगा वळवला आणि बांबू मारत तो सरळ काठाकडे सुटला. गुडघाभर पाण्यातच उडी टाकून, चिखल तुडवत, झुडपं बाजूला करत तो पुलाखाली धावत आला.

"काय झालं, बाई?" तो वर बघून धापा टाकत म्हणाला. "कोन पडलं?"