डेल्फिनच्या बिछान्याखाली

पाणी नेमकं तिथेच येत होतं, डेल्फिनच्या बिछान्याखाली. बर्नार्डने तळवा फळीवर दाबून धरला, तरी ते बोटांमधून झिरपत राहिलं. वर शीड फडफडलं आणि जहाज कललं.

"डॅडी, खाली काय करतोस? वर ये ना. गोराई किती छोटी दिसतेय बघ."

पोरगी खुशीत होती. बाप मात्र फळीवरचा हात काढायला तयार नव्हता, आणि का काढेल हो? जन्मभर त्याने खाडीकाठी मच्छीमारांच्या बोटी बांधल्या, त्या खिळे ठोकून. हे जहाज म्हणजे चक्क दोराने शिवलेलं. जुन्या काळी नवे किनारे शोधत निघालेली जहाजं अशीच असत म्हणे, म्हणून या मोहिमेच्या प्रमुख जानकी मॅडमनी बर्नार्डला हाताशी धरून हुबेहूब तसंच बांधायला घेतलेलं. फळीला फळी लावायची, भोकं पाडायची, काथ्याच्या दोराने शिवायची, वरून राळ. लोखंड औषधालाही नाही.

"लाटेबरोबर फळ्या थोड्या हलल्या पाहिजेत, बर्नार्ड अंकल," मॅडम समजवायच्या. तो मान डोलवायचा, पण विश्वास काही बसायचा नाही. एकच फळी सैल झाली होती आणि धाकटा भाऊ रसेल मढच्या समुद्रात बोटीसकट बुडाला होता. अजून त्याला ते स्वप्नात दिसायचं.

आणि आजची चाचणी झाली की याच जहाजातून डेल्फिन मस्कतला निघणार होती. शिवण शिकली, खलाशांत नाव दिलं, बापाला विचारलंसुद्धा नाही. मग परवा सगळे जेवायला गेल्यावर बर्नार्डने तिच्या बिछान्याखाली आतून तीन लांब खिळे ठोकले आणि वर राळ थापली. पोर झोपेल तेवढी जागा तरी घट्ट असू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

आता जानकी मॅडम टॉर्च घेऊन खाली उतरल्या, मागोमाग डेल्फिन. उजेड फिरला. बाकी सगळे सांधे कोरडे होते.

"इथली शिवण फसली," मॅडम म्हणाल्या. "आजच्या चाचणीतच ही गत, तर मस्कत रद्द करावं लागेल."

बर्नार्डच्या जिवात जीव आला. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं.

"मॅडम, इथलं मी शिवलंय," डेल्फिन हळूच म्हणाली. काथ्याने सोललेल्या बोटांकडे ती बघत होती. "चूक माझी असेल. मला काढा, पण जहाज नका थांबवू."

त्याला हवं होतं ते तिच्याच तोंडून आलं होतं. पण ती बोटं त्याला बघवेनात.

"तुझी शिवण बरी आहे गं," तो म्हणाला. "मी खिळे मारलेत तिथे."

त्याने नखाने राळ खरवडली. खिळ्यांभोवती फळी चिरली होती. आजूबाजूचं सगळं लाटेसरशी हलत होतं, तेवढ्याच जागेला त्याने हलू दिलं नव्हतं.

"मग उद्या ही फळी बदला, अंकल. मस्कत रद्द नाही," म्हणत मॅडम वर गेल्या.

"मला विचारायचं तरी, डॅडी."

"तू विचारलंस मला?"

तिने खिळ्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"भीती वाटते गं मला."

"मला पण वाटते," डेल्फिन म्हणाली. "रोज."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला जहाज खाडीच्या चिखलात टेकलं आणि बर्नार्डने नवी फळी बसवली. शिवायला दोघं लागतात, एक आत, एक बाहेर. तो आत बसला, डेल्फिन बाहेर. तो भोकातून दोर द्यायचा, ती ओढून घ्यायची. तिचं तोंड दिसत नव्हतं. शेवटच्या टाक्याला तिने बाहेरून ओढ दिली आणि त्याची मूठ काही सुटेना.

"डॅडी, सोड."

काथ्या तळव्यात रुतला होता.

"घट्ट ओढ," तो म्हणाला आणि त्याने मूठ उघडली.

दोर सरसर गेला आणि टाका आवळला. भोकातून उजेडाचा एक ठिपका त्याच्या हातावर पडला होता. डेल्फिनने बाहेरून राळ लावून तोही बुजवला.