विनीचा रेडिओ

"माणसाचा मुक्त आवाज जगातलं कुठलंही सरकार दाबू शकत नाही," असं मी माइकवर घनगंभीरपणे सांगितलं आणि तबकडी लावली. तेवढ्यात जहाज कललं, सुई घसरली आणि मुक्त आवाज खर्रर्र करून थांबला. सुई उडू नये म्हणून आम्ही तिच्यावर एक पेनीचं नाणं चिकटवत असू. त्या दिवशी दोन चिकटवल्या होत्या.

सरकार परवाना देत नव्हतं, म्हणून एसेक्सच्या किनाऱ्यापासून चार मैलांवर, सरकारची हद्द संपते तिथे नांगर टाकून आम्ही गाणी वाजवत होतो. रेडिओ कॉर्मोरंट. माझं माइकवरचं नाव जॉनी स्टॉर्म. वादळ सुटलं की हा जॉनी बादलीला मिठी मारून बसे.

आठवडाभर वाऱ्यामुळे किनाऱ्यावरून सामान आणणारी बोट आली नव्हती. प्यायच्या पाण्याला गंजाचा रंग आला होता, डिझेल तळाला गेलं होतं. शेवटी कॅप्टन रूलोफ्स जनरेटरपाशी उतरला. मागोमाग मी, कारण तिथे ऊब होती.

जनरेटर होरेस टान्सली सांभाळायचा. साठीचा माणूस, कानांत कापसाचे बोळे. आमचं एकही गाणं त्याने धड ऐकलं नव्हतं आणि त्याबद्दल तो देवाचे आभार मानत असे.

"टान्सली, बंद कर तुझं खटारं!" कॅप्टन ओरडला. "उरलेलं डिझेल पाणी उपसायच्या पंपाला लागेल. बुडाल्यावर गाणी काय माशांना ऐकवायचीत?"

"कॅप्टन, विनी ऐकत असते."

विनी म्हणजे त्याची बायको. ती लहान असताना तिचे वडील मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. धक्क्यावर ती दोन दिवस उभी होती. होरेसने तिला सांगून ठेवलं होतं, रेडिओ वाजतोय तोवर मी आहे असं समज.

"आवडतात तिला ही गाणी?"

"छे हो! कान किटतात तिचे. पण बंद करत नाही."

कॅप्टनने डिझेलची पातळी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाला, "हीटर बंद करावा लागेल. चूलही. पोरांना विचार."

पोरांनी होरेसला इतक्या मनापासून शिव्या घातल्या की होकार वेगळा द्यावाच लागला नाही. आचारी यॉपने गारढोण उसळ डब्यातूनच वाढली. "होरेस, बायकोला म्हणावं एक स्वेटर विणून धाड. सगळ्यांत मिळून एक!"

मी दोन घोंगड्या पांघरून बसलो आणि दर गाण्यानंतर समुद्र अगदी शांत असल्याचं सांगत राहिलो. खोटं बोलायचाच मला पगार होता. तो खरोखर कमावला असं त्या दिवशी प्रथमच वाटलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि बोट आली. होरेसची आणि माझी सुट्टी एकदमच निघाली. तो मला चहाला घरी घेऊन गेला.

"किती वाळलास रे होरी!" विनी दारातच म्हणाली. "आणि हे कोण? हा तर पार निळा पडलाय. या, आत या आधी."

खिडकीपाशी रेडिओ चालू होता. विनीने टोस्टवर सार्डिन मासे वाढले.

"काल काय ते वादळ! पण मी घाबरले नाही हं. इथेच बसून होते. एक क्षण थांबला नाही बघ रेडिओ."

होरेसचा चेहरा उजळला. मी उसळ विसरलो.

गाणं संपलं. निवेदकाने स्टेशनचं नाव सांगितलं. रेडिओ मॅग्नेट. आमच्यापासून दोन मैलांवर नांगरलेलं दुसरं जहाज. गाणी तीच.

होरेसच्या कानांत तेव्हा कापूस नव्हता.

"विनी," तो हळूच म्हणाला, "हा काटा..."

"हातसुद्धा लावला नाही. ऑगस्टमध्ये तू लावून दिलास तिथेच आहे. का रे?"

होरेस उठला. आमचं स्टेशन काट्यापासून जेमतेम बोटभर डावीकडे होतं. त्याने बटणापर्यंत हात नेला, आवाज किंचित वाढवला आणि परत येऊन बसला.

"काही नाही," तो म्हणाला. "असू दे तिथेच."

मॅग्नेटचा जनरेटर नवा होता.