कुंकवात उमटलेली वाट

मी एक जुनी सागवानी फळी आहे, मित्रांनो. रडगाणं ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा. माझं आयुष्य मजेत गेलं.

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतासोबत चालायचा, तेव्हाची गोष्ट. जळगाव जामोदच्या सुताराने मला रंधा मारला, अंगावर उथळ खळगे कोरले, भोवती काठ ठोकला. नांदुऱ्याच्या शाळेतल्या उत्तमराव गुरुजींनी मला मुद्दाम करवून घेतलं होतं. परदेशात अणुभट्ट्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या पोटात न्यूट्रॉन नावाचे कण सुसाट धावतात. त्यांचा वेग कसा उतरतो, हे गुरुजी माझ्यावर दाखवत. धावती गोटी म्हणजे न्यूट्रॉन. खळग्यांत कधी जड लोखंडी गोळे, कधी तिच्याच वजनाच्या गोट्या. गोटी किती पळाली, ते पोरं मोजत.

शाळेचे अध्यक्ष भगवंतराव भडकले. "पोट्टे शाळेत गोट्या खेळून राह्यले. मास्तर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. मले पटलं नाही तं विज्ञानाच्या खोलीत सरकी भरतो."

समजून घेण्यापेक्षा कुलूप लावणं मोठ्या माणसांना सोपं जातं.

गुरुजींनी मला घरी आणून पुसलं. दसऱ्याला हत्यारांची पूजा. "सुताराच्या रंध्याले कुकू, अन् तुमच्या फळीले काऊन नाही?" म्हणत त्यांच्या पत्नी मंजुळाबाईंनी माझ्यावर मूठभर कुंकू उधळलं आणि वर फडकं टाकलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला तसंच उचललं.

शाळेत फडकं काढलं, तर मी लालभडक!

"लगन लागून राह्यलं काय न्यूट्रॉनचं?" भगवंतराव म्हणाले. सगळे हसले. गुरुजींचा चेहरा उतरला, पण त्यांनी गोटी सोडलीच.

लोखंडी गोळ्यांवर आपटत ती उसळत राहिली. कुंकवात तिची लांबलचक वाट उमटली. मग खळग्यांत साध्या गोट्या मांडल्या. या वेळी ती एकीला धडकली, दुसरीला धडकली आणि मंदावून थांबली. वाट टीचभर.

भगवंतरावांनी दोन्ही वाटांवरून बोट फिरवलं. "म्हंजे जडाले धडकून वेग जात नाही. बरोबरीच्याले देऊन टाकते हे."

"हाव. भट्टीत पाण्यातले, न्यूट्रॉनच्याच वजनाचे हलके कण हेच काम करतात."

"सरका बे पोट्टेहो. मले टाकू द्या एक."

त्यांचं धोतर लाल झालं. सरकी दुसरीकडे गेली.

पुढे कुंकू कायमचं आलं. वाटा मोजता मोजता पोरं मोठी झाली. नंतर नवे गुरुजी आले आणि मी कपाटामागे गेले.

मित्रांनो, मला तेल लावा, वाळवी लागू देऊ नका. पण नुसतं जपून ठेवू नका. माझ्यावर गोळे मांडा, आणि जो याला पोरखेळ म्हणेल, पहिली गोटी त्याच्याच हातात द्या.