तोडणाऱ्याचा पहिला घास

काठी सपकन आली आणि बुंध्याशी दाटून उगवलेल्या पिवळ्या अळंब्यांचा अख्खा झुपका चिंधड्या होऊन पाचोळ्यात उडाला. सून उकिडवी बसून त्याच झुपक्याकडे हात नेत होती. तिने बोटं वेळेवर मागे घेतली.

"माझ्या कुठं गेल्या?" काठी टेकवत तिच्या नवऱ्याने विचारलं. "टोपलीत ठेवल्या होत्या मी. पांढऱ्या."

सुनेने टोपली जवळ ओढली. चार पावलांवर त्याची आई उभी होती. त्या अळंब्या काढून टाकायला तिनेच सुनेला हळूच सांगितलं होतं. लेकाला तोंडावर सांगण्याऐवजी सुनेच्या कानात सांगितलं, ही तिची जुनी खोड.

"मीच सांगितलं तिला," आई म्हणाली. "विषारी आहेत त्या. देठावर कडं, बुडाशी पिशवी. तुझे आजोबा त्यांना हात लावू देत नसत."

"म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं. मला मूर्खात काढायचं."

काठी पुन्हा उठली, ती या वेळी अळंब्यांसाठी नव्हती. पहिला फटका सुनेच्या दंडावर बसला, दुसरा पाठीत. ती ओरडली नाही, फक्त नाकातून श्वास सुटल्याचा आवाज झाला आणि पिवळ्या अळंब्यांनी अर्धी भरलेली टोपली कलंडली. तिसऱ्या फटक्याला काठीच मोडली. हातातल्या तुकड्याकडे त्याने असं पाहिलं, जणू तोही घरच्यांना फितूर झाला होता.

शहरातल्या घरी असं काही सुरू झालं की आई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. भांडी नसली तरी सोडायची. पाण्याच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही असं नाही, पण ऐकलं नाही असं म्हणता येतं. सुनेच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं की "कपाटाचं दार लागलं का गं?" असं आपणच विचारायची आणि उत्तरही आपणच देऊन टाकायची. झाकली मूठ. इथे मात्र पानगळीचं जंगल होतं आणि सोडायला नळ नव्हता. तिने सगळं ऐकलं.

ही सहलही त्यानेच ठरवली होती. जंगलाकाठचं भाड्याचं घर, शेजार नाही, फोनला रेंज नाही. "आईला तिच्या लहानपणासारख्या अळंब्या वेचता येतील," असं तो चारचौघांत कौतुकाने सांगत होता. ऐकणाऱ्यांना वाटावं, मुलगा असावा तर असा.

तो परत मागे गेला, झुडपात फेकलेल्या पांढऱ्या अळंब्या एकेक शोधून रुमालात बांधून आणल्या, आणि घरी पोचल्यावर रुमाल चुलीशेजारच्या टेबलावर आपटला.

"या शिजव. तुझ्या त्या पिवळ्यांबरोबर. एकाच कढईत."

"अरे, मरण आहे ते."

"मग तुमचा तो नियम आहे ना? आजोबांचा?"

नियम होता. आईच्या माहेरी जंगलातून आलेली अळंबी ज्याने तोडली त्यानेच आधी खायची. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत तोंड लावायचं नाही. वडील स्वतः तोडायचे, स्वतः खायचे, आणि रात्रभर घरातली पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. त्या नियमाने विष उतरत नाही, पण तोडणाऱ्याचा हात सावध राहतो, असं ते म्हणत.

"मग तू खाणार आधी?" आईने विचारलं.

तो हसला. हसला की तो थेट आपल्या बापासारखा दिसायचा. "मी तोडल्या, पण खाईल ही. नवरा-बायको एकच असतात ना? चूल पेटव. मी लाकडं फोडून आणतो."

कुऱ्हाड उचलून तो घरामागे गेला. पहिला घाव ऐकू आला तशी सून भिंतीला टेकून खाली सरकली. तिचा दंड कोपरापर्यंत सुजला होता.

"थट्टा करतायत ते," ती म्हणाली. "हो ना, आई? खरंच थोडंच खायला लावतील."

आई इतकी वर्षं हेच म्हणत आली होती. मनाने वाईट नाही तो, नाकावर राग आहे, एवढंच. आज ते वाक्य सुनेच्या तोंडून ऐकताना तिला स्वतःची शरम वाटली. तिने रुमाल उचलला, होता तसा चुलीत टाकला आणि वर दोन काटक्या सारल्या. अळंब्या चुरचुरल्या, काळ्या पडल्या. मग खुंटीवरच्या कोटाचा खिसा चाचपून तिने किल्ली काढली.

"गाडी येते ना तुला?"

"शिकले होते. यांनी बंद करायला लावली."

"शिकलेलं जात नाही. तुझ्या आईकडे जा. मध्ये कुठं थांबू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मला भूक लागलीय," आई म्हणाली.

सुनेने तिच्याकडे पाहिलं. मग वाकून नमस्कार करायला गेली, तसं आईने तिला खांद्याला धरून उठवलं आणि दाराकडे ढकललं. "नंतर कर. जा आधी."

मागे घाव पडत होते. आईने कढईत तेल टाकलं, पिवळ्या अळंब्या, मीठ. इंजिनाने दोनदा आचके दिले आणि तिसऱ्यांदा सुरू झालं. घाव थांबले. पळत्या पावलांचा आवाज घराला वळसा घालून गेला, शिव्या ऐकू आल्या, काच फुटल्याचा आवाज झाला. आईच्या हातातलं उलथणं तसंच थांबलं. मग गाडी खडीवरून करकरत लांब गेली, आणि ती ताटली घेऊन टेबलाशी बसली.

तो आत आला तेव्हा कुऱ्हाड त्याच्या हातातच होती.

"किल्ली कुणी दिली?"

"मी."

कुऱ्हाड उठली आणि तिच्या ताटलीपासून वीतभर अंतरावर टेबलात रुतली. पेला खाली पडून फुटला. आईने घास तोंडात घातला, चावला, गिळला. आजवर नवऱ्याच्या हातचा मार खाल्ला होता. लेकाच्या हातचाही खावा लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्याची नजर टेबलावर फिरली. रुमाल नव्हता. कढईत तळाशी तेल तेवढं होतं.

"पांढऱ्या कुठं आहेत?"

आईने ताटली बोटाने पुसून घेतली.

"तू तोडलेल्या ना? नवरा-बायको एकच, तसे आई-लेकही एकच की."

त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पुढच्या क्षणी त्याने तिची मान धरली होती, दोन बोटं तिच्या घशात घालत होता. "ओक. आई, ओक ना!" तिने दात आवळले. त्याच्या बोटांतून रक्त आलं तरी सोडलं नाही. शेवटी तोच मागे सरला आणि फोन घेऊन दाराकडे धावला, फोन आभाळाकडे धरला, परत आला.

"मी पळत जातो. रस्त्यावर कुणी भेटेल. डॉक्टर आणतो."

"जा. पण तू परत येईपर्यंत मी असेन की नाही, सांगता येत नाही. मला एकटीला मरायचं नाही रे."

तो थांबला. मग तिच्या खुर्चीपाशी खाली बसला, तिचं मनगट हातात घेतलं आणि नाडी शोधू लागला. त्याला ती सापडेना. पाच वर्षांचा असताना तापात तो असाच तिचा हात धरून झोपायचा. आईचा जीव तुटला. खिडकीबाहेर ऊन अजून डोक्यावर होतं, आणि सकाळ फार लांब होती. एवढा वेळ पोराला असं तडफडत ठेवायचं? चुलीत बघ म्हणावं, राख बघ. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

त्याने कपाळ तिच्या गुडघ्यावर टेकलं.

"आई, तुझी शपथ. पुन्हा हात नाही उचलणार तिच्यावर. कधीच नाही."

हेच शब्द, हाच ओला आवाज. याचा बाप असाच तिच्या गुडघ्याशी बसायचा. त्या शपथांवर तिने सारा संसार ओढला होता. खाण तशी माती, असं लोक म्हणायचे तेव्हा ती त्यांच्याशी भांडायची.

तिने दाराबाहेर कान दिला. गाडीचा आवाज केव्हाच विरला होता, पण सुनेचं माहेर अजून खूप दूर होतं.

तिने एक हात त्याच्या केसांवर ठेवला आणि दुसरा पोटावर.

"कळ आली रे," ती म्हणाली. "उठू नकोस. बस इथंच."