नाव सुलटच छापणार

मित्रांनो, मी ठसे छापायची एक जुनी मशीन आहे, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. माझा जन्म एकोणीसशे एकाहत्तर सालचा, आणि आज एकोणऐंशी साल, म्हणजे माझं वय आठ वर्षं. तुमच्यातल्या कितीतरी जणांपेक्षा मी धाकटी आहे. तरी कारखान्यात पाहुणे आले की माझ्याकडं बोट दाखवून विचारतात, हे धूड अजून मोडीत घातलं नाही का? तुमच्याबद्दल कुणी असं विचारलं असतं तर तुमच्या आईनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. मला आई नाही, पण तोंड आहे. तेव्हा जरा ऐकून घ्या.

माझं रूप देखणं नाही, ते मला ठाऊक आहे. पाय शिलाई मशीनचे, दांडा जीपच्या जॅकचा आणि स्प्रिंग सायकलच्या सीटखालची. परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागं एक पत्र्याचं शेड होतं, तिथं हे सगळं एकत्र जोडलं लिंबाजी खिल्लारे यांनी. लिंबाजी तेव्हा एका छापखान्यात मशीनमन होते. लग्नपत्रिका, सभांची हँडबिलं, पावतीपुस्तकं, जे येईल ते छापायचे.

एके दिवशी त्या छापखान्यात प्लास्टिकचा माल बनवणारा एक माणूस आला. पिकावर फवारायच्या औषधाची छोटी मापं तो बनवायचा. मापावर एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा अशा खुणा लागायच्या, आणि त्या तो ब्रशनं काढून घ्यायचा. हात हलला की रेघ वर जायची, औषध जास्त पडायचं आणि उभं पीक करपायचं. छापखान्याचे मालक त्याला म्हणाले, सपाट कागद असेल तर आण, गोल वस्तूवर छपाई होत नसते. लिंबाजी बाजूलाच उभे होते. छापखान्यात शाई लावायचा जो रूळ असतो, तो सरस आणि काकवी शिजवून ओतलेला असतो. रबरासारखा मऊ. त्यांनी विचारलं, असाच मऊ गोळा केला, त्यानं शाई उचलली आणि गोल मापावर दाबली तर? मालक पोट धरून हसले. मी त्या हसण्याला उत्तर म्हणून जन्माला आले आहे, हे ध्यानात ठेवा.

माझं काम समजायला अवघड नाही. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा आणि सुईनं मेणात आकृती कोरायची. वरून तेजाब सोडलं की कोरलेल्या जागी पत्रा खाल्ला जातो आणि खाच पडते. मग पत्र्यावर शाई फासून पट्टीनं पुसायची, म्हणजे शाई फक्त खाचेत उरते. आता माझा दांडा खाली येतो. दांड्याच्या टोकाचा मऊ गोळा खाचेतली शाई उचलतो आणि समोरच्या वस्तूवर जाऊन टेकतो. वस्तू गोल असो, खोलगट असो, नाहीतर वाकडीतिकडी, गोळा तिला बिलगतो आणि ठसा तिच्या अंगावर सोडून येतो. कुणी करून दाखवावं हे सपाट छापखान्याच्या मशीननं!

गोळा मात्र केशरबाईंचा. केशरबाई म्हणजे लिंबाजींची घरवाली. त्या चुलीवर सरस आणि काकवी शिजवायच्या आणि पितळी वाटीत ओतून गोळा थंड करायच्या. काकवी कमी पडली तर गोळा तडकायचा. जास्त झाली तर आपल्या परभणीच्या मे महिन्यात त्याला घाम सुटायचा आणि तो लोंबायला लागायचा. वर मुंग्या! गोड वासानं त्यांची रांग माझ्या पायावरून चढायची आणि गोळा कुरतडायची. शेवटी केशरबाईंनी माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. शेजारपाजारचे लोक मला मुंग्यांची मशीन म्हणायला लागले. त्यांच्या घरात दुधाच्या कपाटाखाली तशाच वाट्या होत्या. कपाटाला कुणी हसत नव्हतं, मला हसत होते.

हसले तरी मापं छापून निघाली, आणि रेघा सरळ आल्या. मग पूर्ण्याहून एक कंगवेवाला आला, त्याच्या कंगव्यांवर मी फूल छापलं. नांदेडचा एक जण विजेची बटणं घेऊन आला, त्यांवर तांबडा ठिपका छापला. या दोघांना नंतर नुसती छपाई नको झाली, त्यांना आख्खी मशीनच विकत हवी होती. तेव्हा लिंबाजींनी छापखाना सोडला आणि मशिनी बनवायला घेतल्या. प्रत्येक नवी युक्ती आधी माझ्यावर व्हायची. हातानं दांडा ओढण्याऐवजी पायानं दाबायची पट्टी लावली ती माझ्यावर. माप आपोआप फिरवणारी चकती बसवली ती माझ्यावर. चुकलं की भोक बुजवायचं आणि शेजारी दुसरं पाडायचं. माझ्या अंगाची चाळण झाली आणि पुढच्या मशिनी बिनचूक बाहेर पडल्या. त्या हिरवा रंग लावून, गोणपाटात गुंडाळून रेल्वेनं जायच्या. मला रंगाचा एक हात मिळाला नाही. मला त्याचा लय राग यायचा, आणि खरं सांगते, अजून येतो.

पंच्याहत्तर साली बन्सीधरशेट आले. औरंगाबादेत नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांना मशिनी पुरवायचा शेटजींचा धंदा होता. त्यांनी सांगितलं, काम पसंत पडलं तर वर्षभर जेवढ्या मशिनी बनवाल तेवढ्या मी उचलतो. लिंबाजींचा चेहरा फुलला. मुंबईला सिलिकॉन नावाचं रबर मिळतं, त्याचा गोळा उन्हात वितळत नाही आणि त्याला मुंग्याही लागत नाहीत, हे त्यांनी ऐकलं होतं. शेटजींचं काम मिळालं तर ते रबर आणता येणार होतं, पत्र्याच्या शेडऐवजी चांगली जागा घेता येणार होती. सगळं त्या एका होकारावर येऊन थांबलं होतं.

लिंबाजींनी मनात एक ठरवलं होतं. इथून पुढं प्रत्येक मशीनच्या दांड्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव छापायचं. त्यासाठी त्यांनी पत्रा कोरून ठेवला होता. शेटजींनी बटव्यातून एक सुपारी काढली आणि म्हणाले, हिच्यावर छापून दाखवा. माझा दांडा खाली आला, वर गेला. सुपारीवर काळीभोर अक्षरं उमटली, आणि ती सगळी उलटी होती, आरशात दिसावीत तशी.

मित्रांनो, यात लिंबाजींचा वेडेपणा नव्हता. छापखान्यातला शिशाच्या अक्षराचा खिळा उलटाच असतो, म्हणून कागदावर अक्षर सुलट येतं. वीस वर्षं त्यांनी उलटंच वाचलं होतं, त्यामुळं हातानं आपसूक उलटं कोरलं. पण माझ्याकडं ठसा दोनदा फिरतो, पत्र्यावरून गोळ्यावर आणि गोळ्यावरून वस्तूवर. माझ्यासाठी पत्रा सुलटच कोरावा लागतो. तोवर माझ्यातून रेघा, फुलं आणि ठिपके एवढंच छापलं गेलं होतं. अक्षर असं ते पहिलंच, त्यामुळं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेटजींनी सुपारी फिरवून फिरवून पाहिली आणि हसले. म्हणाले, बरंच झालं, नाव नकोच आहे. मशिनी कोऱ्या द्या, वर आम्ही विलायती नाव टाकू. परभणीची मशीन म्हटल्यावर कोण घेणार? मग जरा आवाज उतरवून म्हणाले, आणि तुमचं नाव वाचलं की लोक विचारतात, हे कोणाचे? तुम्हाला कळतंय मी काय म्हणतो ते. लिंबाजींना कळलं. शेडमध्ये असलेल्या प्रत्येकाला कळलं. शेटजींनी ती सुपारी अडकित्त्यात धरली, नावासकट कातरली आणि दाराबाहेर टाकली. विचार करा, आठवड्यानं येतो, म्हणाले आणि गेले. माझ्या हातात असतं तर त्या दिवशी मी त्यांच्या धोतरावर ठसा मारला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाजी नवा पत्रा घेऊन बसले. सुई मेणावर टेकवली की हात उलटाच जायचा. एक पत्रा वाया गेला, मग दुसरा. डोक्याला हात लावून ते म्हणाले, सगळ्या गावाची नावं मी छापली आणि माझं एकट्याचं मला सुलट लिहिता येईना. केशरबाई हे बघत होत्या. विहारात बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग चालायचा, तिथं त्या दोन वर्षांपूर्वी अक्षरं शिकल्या होत्या. त्यांना उलटं काही येतच नव्हतं. त्यांनी सुई हातात घेतली आणि थांबल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. आवं, अहो, यांनी, असंच चालायचं. लिहायचं तर त्याहून लांब. लिंबाजींनी तोंड दुसरीकडं फिरवलं आणि हळूच म्हणाले, "लिही."

त्यांनी लिहिलं. अक्षरं मोठी होती, थोडी वाकडी होती, पण सुलट होती. त्या पत्र्याची शाई उचलताना मी जेवढा जपून दांडा हलवला तेवढा कधी हलवला नसेल. नाव छापून आलं ते लिंबाजी खिल्लारे, परभणी. लिंबाजी ते कितीतरी वेळ वाचत राहिले.

आठवड्यानं शेटजी आले. पुन्हा सुपारी दिली आणि या वेळी नाव स्वच्छ सुलट आलं. शेटजींनी मनापासून शाबासकी दिली. काम पक्कं म्हणाले. आणि मग म्हणाले, अट तीच, मशिनी कोऱ्या. लिंबाजींनी छपराच्या गळक्या पत्र्याकडं पाहिलं, माझ्या पायाखालच्या वाट्यांकडं पाहिलं. त्यांचा जीव त्या सिलिकॉनमध्ये किती अडकला होता ते मला माहीत होतं. ते सावकाश म्हणाले, "बघू शेटजी, कोऱ्या म्हणता तर..."

तेवढ्यात केशरबाई पुढं आल्या. पदर खोचलेला, हाताला सरस लागलेला. त्यांचा एकही शब्द अडखळला नाही.

"शेटजी, ह्या मशिनीवर लिंबाजी खिल्लारे हेच नाव राहील. कुणी इचारलं कोणाचे, तर सांगा, परभणीचे. नाव न्हाई तर मशीन बी न्हाई."

शेडमधल्या कामगाराची कानस थांबली. चारचौघांत, परक्या माणसासमोर, नवऱ्याचं आख्खं नाव! केशरबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी मान खाली घातली नाही. लिंबाजी येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. मग हात पुसत म्हणाले, ऐकलंत ना शेटजी, यांनी सांगितलं तेच. शेटजी उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

लगेच भरभराट झाली असं मी सांगणार नाही, मला खोटं बोलायची सवय नाही. पुढचं वर्ष फार जड गेलं. लिंबाजी पुन्हा त्याच छापखान्यात अर्धा दिवस जायला लागले आणि मालकाचं हसणं पुन्हा ऐकू लागले. त्या वर्षात ज्या दोन-चार मशिनी विकल्या गेल्या, त्यांवर मात्र मी नाव छापलं. मी छापलं, दुसऱ्या कुणी नाही.

मग एक दिवस जालन्याहून एक पेनवाला आला. त्याच्या मशीनचा गोळा कडक झाला होता. दुरुस्तीला कुठं जावं हे त्यानं कुणाला विचारलं नाही, दांड्यावर वाचलं आणि गाडीत बसला. स्टेशनवर उतरून लिंबाजी खिल्लारे कुठं राहतात म्हणून विचारत आमच्या दारात आला. त्याचा गोळा केशरबाईंनी बदलून दिला, आणि जाताना तो आणखी दोन मशिनींचं काम सांगून गेला. त्याच्या मागून दुसरे आले. शेटजींनी दुसरीकडून घेऊन खपवलेल्या विलायती नावाच्या मशिनी बिघडल्या की त्यांच्या मालकांना कुठं जावं ते कळत नव्हतं. आमच्या गिऱ्हाइकाला कळत होतं. गेल्या वर्षी मुंबईहून सिलिकॉन आलं. पाण्याच्या वाट्या गेल्या, मुंग्या गेल्या. आता पक्क्या भिंतींचा कारखाना आहे, आणि केशरबाई नव्या कामगारांना गोळे ओतायला शिकवतात.

एवढं सगळं झालं, पण माझ्या दांड्यावर नाव नव्हतं. कसं असणार? मी सगळ्यांवर छापलं, स्वतःवर छापता येत नाही. यंदा दसऱ्याला कामगारांनी नव्या मशिनींना झेंडूचे हार घातले, तेव्हा लिंबाजींनी एक नवी मशीन ओढत माझ्याजवळ आणली. एक पत्रा त्यांनी गुपचूप कोरून ठेवला होता, या खेपेला स्वतःच्या हातानं, सुलट. नव्या मशीनचा गोळा माझ्या दांड्यावर टेकला आणि उठला. केशरबाईंनी वाकून वाचलं आणि त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"माझं नाव कशाला वो? लोक काय म्हणतील?"

"वाचतील," लिंबाजी म्हणाले.

तर मित्रांनो, मला हार नको, आणि तुमची कीवही नको. महिन्यातून दोन थेंब तेल द्या, फडक्यानं धूळ पुसा आणि मला कामाला लावा, मी अजून दमलेली नाही. आणि कुठल्याही यंत्राजवळ गेलात तर आधी त्याच्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. नाव खरवडलेलं दिसलं तर गप्प बसू नका, कुणी खरवडलं ते विचारा. माझ्यावरचं कुणी खरवडू शकलेलं नाही. या, जवळ या. केशरबाई खिल्लारे, परभणी. मोठ्यानं वाचा.